बाळंतिणीच्या दारी कोण जाते? स्तनपानासाठी घरी मिळणारी मदत

सरकारी दवाखान्यात साधी प्रसूती झाली की आई आणि बाळाला सहसा दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. आणि आईला भरपूर दूध उतरते तेही बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. म्हणजे खरी अडचण सुरू होते तेव्हा नर्स जवळ नसते, डॉक्टर जवळ नसतात. दहा बाय दहाची खोली असते, स्तन दगडासारखे घट्ट झालेले असतात, बाळ तोंड लावते आणि सोडून देते, रात्रभर रडते. शेजारीण डोकावून म्हणते, "हिला दूधच नाही." सकाळी घरातला कोणीतरी मेडिकलमधून पावडरचा डबा आणतो. बहुतेक घरांत स्तनपान असे सुटते. ते मोडावे असे कोणाच्या मनात नसते, फक्त त्या दोन-चार दिवसांत बाजूला बसून दाखवणारे माणूस मिळालेले नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे पाहा. देशात ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. पण जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळे होती फक्त ४१.८ टक्के. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेली ६३.७ टक्के. दवाखान्यापर्यंत पोहोचणे हा आपल्या वस्त्यांनी जिंकलेला मोठा टप्पा आहे, यात शंका नाही. पण दवाखाना गाठला म्हणजे दूध पाजण्याची मदत मिळाली असे नाही, हे याच आकड्यांत दिसते.

डब्याने नेमके काय बिघडते? दूध तयार होण्याचा हिशेब साधा आहे. बाळ जितके ओढेल तितके शरीर बनवते. स्तन रिकामा झाला की पुढचे दूध तयार होते, भरलेला राहिला की शरीर उत्पादन कमी करते. बाळाला बाटलीतून वरचे दूध दिले की त्याची भूक मरते, ते अंगावर कमी ओढते, म्हणून दूध कमी होते, म्हणून आणखी वरचे लागते. आठवडाभरात "हिला दूध नाही" हे वाक्य खरे ठरते. पहिल्या दिवशी ते बहुधा खरे नव्हते. त्यात डब्याचा महिन्याचा खर्च मजुरीवर जगणाऱ्या घराला झेपत नाही. मग पावडर कमी आणि पाणी जास्त घातले जाते, बाटली नीट उकळली जात नाही, आणि जुलाब सुरू होतात. हे टाळायला महागडे काही लागत नाही. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा बाळाला अंगावर घ्यायचे, रात्रीचे पाजणे चुकवायचे नाही आणि बाळाने स्तन नीट पकडला आहे ना हे जाणत्या नजरेने पाहून घ्यायचे.

घरी जाऊन मदत करणे ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे

मोठ्या शहरांत आता 'लॅक्टेशन कन्सल्टंट' घरी येतात. त्यांचे शिक्षण चांगले असते, काम मोलाचे असते, पण एका भेटीची फी झोपडपट्टीतल्या घराला परवडणारी नसते. म्हणून अनेकांना वाटते की ही श्रीमंतांची चैन आहे. वस्तुस्थिती अशी की बाळंतिणीच्या घरी जाऊन आई-बाळाला मदत करण्याची पद्धत देशात रुजली ती महाराष्ट्रातल्या सर्वांत दुर्लक्षित जिल्ह्यांपैकी एका जिल्ह्यातून. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्या घरोघर जाऊन बाळाचे वजन करत, ऊब आणि स्तनपान पाहत, जंतुसंसर्गावर उपचार करत. ३९ गावांतल्या या कामाने नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली हा अभ्यास छापून आला आणि जगाने दखल घेतली.

२०११ पासून हीच कल्पना 'घरच्या घरी नवजात बालकाची काळजी' या नावाने आशाताईंमार्फत देशभर आली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एचबीएनसी म्हणतात. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचे असते. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीही. २०१८ पासून त्याला पुढच्या भेटी जोडल्या गेल्या: बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचे असताना. ही दयेने दिलेली सेवा नाही, बाळंतिणीचा तो हक्क आहे. किती घरांना हे वेळापत्रक माहीत असते?

या सहा-सात भेटींसाठी योजनेत आशाताईला ठरवलेला मोबदला आहे २५० रुपये. म्हणजे एका भेटीला चाळीस रुपयांच्या आसपास. आशाताई आली नाही म्हणून तिच्यावर ओरडण्याआधी हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. तिच्यावर वस्तीचा भार किती आहे तेही पाहावे.

भेटीत काय व्हायला हवे

वजन करून, फॉर्मवर अंगठा घेऊन निघून जाणे ही भेट नव्हे. भेटीचा गाभा हा की आईला समोर बाळाला पाजायला सांगायचे आणि शांतपणे पाहायचे. बाळाचे डोके, मान आणि पाठ एका रेषेत आहे का? त्याचे पूर्ण अंग आईकडे वळलेले आहे की फक्त मान वळलेली आहे? बाळ आईजवळ घेतले आहे की आई वाकून बाळाकडे गेली आहे? वाकून पाजणाऱ्या आईची पाठ आठ दिवसांत मोडते आणि ती पाजणे टाळू लागते. भिंतीला टेकून, पाठीमागे उशी घेऊन बसणे किंवा कुशीवर झोपून पाजणे हा साधा उपाय असतो. सिझर झालेल्या बाईला तर कुशीवरच सोपे जाते, टाक्यांवर भार येत नाही.

मग पकड. तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग खालच्या बाजूने जास्त तोंडात गेलेला. बाळ फक्त टोक चोखत असेल तर आईला कळा येतात, चिरा पडतात, आणि बाळाच्या पोटात फारसे काही जात नाही. चिरा पडल्या म्हणून मलम आणून देणारे बरेच भेटतात. पकड सुधारून देणारे कमी. पकड सुधारली की चिरा बहुधा आपोआप भरतात, त्यावर आईचेच दोन थेंब दूध लावून वाळू दिले तरी चालते.

छाती दगडासारखी झाली असेल तर पाजण्याआधी कोमट पाण्याचा शेक आणि हाताने थोडे दूध काढून टाकणे, म्हणजे बाळाला पकडता येते. एका जागी लाल, गरम, दुखरी गाठ आणि आईला ताप असेल तर दवाखान्यात न्यायचे, पण पाजणे थांबवायचे नाही. थांबवले तर दूध साचून दुखणे वाढते.

दूध पुरते आहे की नाही हे रडण्यावरून कळत नाही. बाळ ऊब हवी म्हणून रडते, लंगोट ओला म्हणून रडते, कधी नुसतेच रडते. खरी खूण लंगोटात असते. पहिला आठवडा संपत आला की दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल तर पोटात दूध जात आहे. दुसरी खूण वजनकाट्यावर. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, ते स्वाभाविक आहे. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवे. आशाताईच्या पिशवीतला काटा यासाठी असतो.

बाळ ओढतच नसेल, सुस्त पडले असेल, अंग थंड किंवा तापलेले असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील तर घरी उपाय करत बसू नये. १०८ ला फोन करून लगेच दवाखाना गाठावा.

आजीशी भांडून काम होत नाही

पहिले पिवळसर, घट्ट दूध म्हणजे चीक. काही घरांत तो अजूनही 'खराब' म्हणून पिळून टाकतात आणि बाळाच्या तोंडाला मध किंवा घुटी लावतात. चीक थोडाच असतो, पण नवजात बाळाचे पोटही इवलेसे असते आणि रोगांशी लढणारे घटक त्यात भरलेले असतात. मधातून तर लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, एक वर्षापर्यंत तो देऊ नये.

विदर्भ-मराठवाड्यात दुसरी गोष्ट, पाणी. मे महिन्यात घरात भट्टी पेटलेली असते आणि आजीला वाटते बाळाचा घसा सुकतो. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असते. सहा महिन्यांपर्यंत वेगळे पाणी द्यायची गरज नाही, उन्हाळ्यातही नाही. बाळाला जास्त वेळा पाजावे आणि पाणी आईने प्यावे.

हे आजीला सांगायचे कसे, हा खरा प्रश्न. आपल्यातले काही तरुण कार्यकर्ते तिथे 'अंधश्रद्धा' हा शब्द आधी काढतात आणि दार बंद होते. बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणारी, हळिवाची खीर करून देणारी, रात्री बाळ हातात घेणारी ती बाई म्हणजे त्या घरातली पहिली मदतनीस. खीर चांगलीच आहे, त्यात लोह आहे, आईच्या पोटात अन्न जाते. फक्त पान्हा खिरीने फुटत नाही, बाळाच्या ओढण्याने फुटतो. एवढे तिला पटले की पुढची लढाई तीच लढते.

काही आयांचे दूध खरोखर कमी पडते. काहींना आजारपणामुळे किंवा औषधांमुळे पाजता येत नाही. त्यांना अपराधी वाटायला लावणारा प्रचार मला मान्य नाही. बाळ कमी दिवसांचे असेल तर दवाखान्यात दुधाच्या बँकेची सोय आहे का ते विचारावे. मुंबईत सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली अशी बँक सुरू केली, आशियातली ती पहिली. एका बाईने दुसरीच्या बाळाला दूध देण्यात आपल्याला तरी नवल वाटू नये. महामाया सात दिवसांत गेल्यावर सिद्धार्थाला अंगावर पाजणारी महाप्रजापती गोतमी होती, आणि परंपरा सांगते की तिने स्वतःच्या नंदाला त्यासाठी दाईकडे सोपवले.

दूध आणि मजुरी

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बाबासाहेब बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले.

पण धुणीभांडी करणारी, नाक्यावर उभी राहणारी, ऊसतोडीला जाणारी आई यात कुठे बसते? बहुतेक वेळा कुठेच नाही. दीड-दोन महिन्यांत ती कामावर असते, नाही गेली तर घर सुटते. अशा आईला 'सहा महिने फक्त अंगावरचे दूध' एवढा उपदेश करून परत येणे क्रूर आहे. तिला हाताने दूध काढायला शिकवता येते. स्वच्छ झाकणाच्या भांड्यात ते साध्या खोलीत साधारण चार तास ठेवावे, कडक उन्हाळ्यात त्याहून लवकर वापरावे. गॅसवर तापवायचे नाही, भांडे कोमट पाण्यात ठेवायचे. बाटली नको, वाटी-चमच्याने पाजायचे. सकाळी निघताना, परतल्यावर आणि रात्रभर अंगावर.

विहाराशी, मंडळाशी जोडलेल्या तरुणांनी इथे हात घालावा. वस्तीत कोणाचे दिवस भरत आले आहेत हे महिला मंडळाला माहीत असतेच. भेटीच्या सहा तारखा कागदावर लिहून त्या घरात लावा. आशाताई आली की नाही ते विचारा, आली नसेल तर तिच्याशी बोला, मग गटप्रवर्तकाशी, मग आरोग्य केंद्रात. मुलांनी बापाशी बोलावे: पाणी भरणे, लंगोट धुणे, रात्री बाळ उचलून आईजवळ देणे ही त्याची कामे आहेत. दुधाच्या डब्याची जाहिरात, फुकट नमुने, सवलत, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू यांवर १९९२ च्या कायद्याने, २००३ च्या दुरुस्तीसह, बंदी आहे. कोणी 'बाल आरोग्य शिबिर' म्हणून डबे वाटायला विहाराची जागा मागितली तर ती देऊ नका. आणि दुपारच्या सुट्टीत कामाच्या ठिकाणी बाळ नेऊन आणणारी एक विश्वासू मावशी ठरवता आली, तिच्या रिक्षाचे पैसे मंडळाने दिले, तर दिवसातले एक पाजणे वाचते.