खिळ्यांची परंपरा : एका कारागिरीचा प्रवास

भारतीय भाषांतील मुद्रणाचा इतिहास बहुधा संस्थांच्या नावाने सांगितला जातो. परंतु या छापखान्यांना जोडणारा धागा होता तो एका ठिकाणची नोकरी सोडून दुसरीकडे जाणाऱ्या कारागिरांचा.

१७७८ साली हुगळी येथे हॅलहेडचे बंगाली व्याकरण छापले गेले, तेव्हा चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली पंचानन कर्मकार हा लोहार अक्षरांचे ठसे कोरण्यास शिकला. पुढे तो श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात गेला आणि त्याने देवनागरी खिळे घडविले. त्याच्यामागे ही विद्या जावई मनोहर याच्याकडे आली. कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथेच नागरी लिपीत छापले गेले, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकास विसरून चालणार नाही.

मुंबईतही हेच घडले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःचा शिळाछापखाना काढून १८३१ साली पंचांग छापले. याच मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी लहान वयात कामास लागले. इतर छापखान्यांतून अनुभव घेतल्यावर त्यांनी १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ साली 'निर्णयसागर' छापखाना सुरू केला.

ही विद्या ग्रंथातून का जाऊ शकली नाही, हे पाहण्यासारखे आहे. पोलादावर अक्षर उलटे कोरावे लागते; वरची मात्रा, खालचा उकार आणि जोडाक्षरे यांचा मेळ शिरोरेषेशी घालावा लागतो. ठसा किती खोल घ्यावा, हे डोळ्याला व हाताला ठाऊक असते. ते लिहून ठेवता येत नाही. यंत्र विकत मिळे, खिळेही मिळत. परंतु ते घडविण्याची जाण माणसाबरोबरच जाई.

मालकाच्या दृष्टीने हे नुकसानच होय : एकाने शिकवावे आणि फळ दुसऱ्याने घ्यावे. परंतु भाषेच्या दृष्टीने पाहता हिशेब उलटा होतो. ती विद्या मिशनच्या भिंतींआड राहिली असती, तर 'निर्णयसागर'ची १८८६ पासूनची 'काव्यमाला' देशभरच्या संस्कृत अभ्यासकांच्या हाती ज्या सुबक रूपात पोचली, तशी पोचणे कठीण होते.

वाङ्मयाच्या इतिहासात ग्रंथकार व प्रकाशक यांची नोंद होते. ठसे कोरणारा बहुधा अनामिकच राहतो. ग्रंथाच्या प्रसाराचा विचार करताना या अनामिक हातांचा मागोवा घेणे, हे तौलनिक अभ्यासाचेही एक कर्तव्य ठरते.