बंदुकीच्या दुर्बिणीतला गुंडी-सेल : वापर, बदल आणि धोका

मका दाण्यावर आला आणि हरभरा घाट्यांत भरला की सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतांत रानडुकरे उतरतात. मग शेतकऱ्याची रात्र मचाणावर जाते. हाताशी बॅटरी, डबा वाजवायला काठी आणि एखाद्याकडे परवान्याची बंदूक. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, आणि ती पुरेशी नसेल तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे. पण परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. वनखात्याच्या परवानगीवाचून त्याला मारणे गुन्हा आहे.

अलीकडे काही बंदुकांवर आणि छर्ऱ्याच्या बंदुकांवर लाल ठिपक्याची दुर्बीण दिसू लागली आहे. असे उपकरण आपल्या परवान्यात चालते की नाही, हे आधी परवाना अधिकाऱ्याला विचारावे. या लेखाचा विषय आहे तिच्या पोटातला रुपयाएवढा सेल. तोच सेल गाडीच्या रिमोटमध्ये, वजनकाट्यात, साखर तपासण्याच्या यंत्रात आणि मुलांच्या खेळण्यांतही असतो. म्हणून बंदूक नसलेल्या घरांनीही हे वाचावे.

दुर्बीण कशी चालते

या दुर्बिणीत एक बारीक दिवा असतो. त्याचा प्रकाश काचेवरून परत डोळ्याकडे येतो आणि नेम धरणाऱ्याला लाल ठिपका दिसतो. सेल संपला की ठिपका जातो, काच तेवढी उरते. म्हणून बंदुकीची मूळ माशी कधीही काढून टाकू नये.

यात बहुधा सीआर २०३२ हा लिथियमचा सेल असतो. या आकड्यातच त्याचे माप आहे : रुंदी २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. त्याचा दाब ३ व्होल्ट. काही दुर्बिणींना एलआर ४४ हा लहान, जाडसर सेल लागतो, तो १.५ व्होल्टचा. दिसायला सारखा म्हणून एकाच्या जागी दुसरा दडपून बसवू नये. जुन्या सेलवरचा आकडा वाचून तोच मागावा.

सेल बदलताना

१. आधी बंदूक रिकामी करा. नळीत काही नाही हे डोळ्यांनी पाहा. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. ठासणीच्या बंदुकीत भरलेली दारू बाहेरून दिसत नाही, म्हणून तिच्या बाबतीत दुप्पट सावध राहा. नळीचे तोंड माणसाकडे किंवा जनावराकडे नको.

२. झाकण नाण्याने किंवा योग्य पेचकसाने उघडा. सुरीचे टोक वापरू नका, खाच झिजते.

३. सेल कोरड्या फडक्याने पुसून बसवा. अधिक खुणेची बाजू कुठे हवी ते झाकणावर किंवा आत लिहिलेले असते.

४. झाकणाखालची रबरी कडी जागेवर आहे ना ते पाहा. तीच पावसाचे पाणी अडवते.

५. काही दुर्बिणींत सेल खालच्या बाजूने बसतो, त्यासाठी दुर्बीण उतरवावी लागते. पुन्हा बसवल्यावर नेम सरकतो. अधिकृत जागी नेम तपासल्याखेरीज त्या ठिपक्यावर विसंबू नये.

ठिपका विझेपर्यंत वाट न पाहता वर्षातून एकदा ठरलेल्या दिवशी सेल बदलावा. पावसाळ्याआधीचा दिवस सोयीचा. हंगाम संपला की, किंवा निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा करायची असली की, सेल काढून ठेवावा. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखाली भट्टी होते आणि उष्णतेने सेलची शक्ती लवकर ओसरते. तो थंड, कोरड्या जागी, मूळ पाकिटात ठेवावा. सुटे सेल खिळ्यांच्या किंवा नाण्यांच्या डब्यात टाकू नयेत. धातूला धातू लागून ते तापतात.

बॅटरीच्या मोठ्या सेलचाही एक नियम सांगतो. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नका. नव्याच्या जोरात जुना उलटा ढकलला जातो आणि पाझरतो. साध्या सेलचे जस्ताचे भांडेच वापराने खात जाते, म्हणून रिकामा सेल आत राहिला की फुटून स्प्रिंग गंजते.

खरा धोका लहान मुलाला

गुंडी-सेल चकचकीत असतो आणि मूल तो तोंडात घालते. पोटात उतरला तर तो पुष्कळदा शौचावाटे निघून जातो. पण अन्ननलिकेत अडकला की तेथील ओलाव्यातून वीज वाहू लागते, सेलच्या एका बाजूला तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. सेल फुटावाच लागतो असे नाही. दुर्बीण चालवायला निकामी झालेल्या सेलमध्येही इजा करण्याइतकी वीज उरलेली असते. म्हणून उंबऱ्यावर ठेवलेला 'मेलेला' सेल मेलेला समजू नका.

लाळ गळणे, अन्न नाकारणे, खोकला, ओकारी, छातीत दुखणे ही लक्षणे असतात. कधी काहीच लक्षण नसते. शंका आली तरी पुढीलप्रमाणे करा :

• ताबडतोब १०८ ला फोन करा किंवा एक्स-रे असलेल्या दवाखान्यात न्या. सकाळची वाट पाहू नका.
• मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने भाजणे मंदावते, पण सेल निघत नाही. मध शोधण्यात वेळ घालवू नका. वर्षाखालच्या बाळाला मध कधीच देऊ नये.
• मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून ओकारी काढू नका. दूध, केळे, भात काही देऊ नका.
• सेल नाकात किंवा कानात गेला असेल तर तेल, पाणी, औषधाचा थेंब घालू नका. ओलाव्याने भाजणे वाढते. तेव्हाही दवाखानाच.
• सेलचे पाकीट किंवा तसाच दुसरा सेल बरोबर न्या. 'नाणे गिळले असेल' असे म्हणू नका. 'सेल असू शकतो' असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. एक्स-रेत सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते, त्यावरून तो ओळखता येतो.

जुना सेल कुठे टाकावा

काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना लगेच चिकटपट्टी लावून तो बरणीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. चुलीत टाकू नका, तो फुटतो. शेणखताच्या खड्ड्यात किंवा विहिरीत टाकू नका. काही घरांत मोठे सेल फोडून आतली काळी पूड सारवणाच्या शेणात मिसळतात. ती धूळ श्वासात जाते, तेव्हा ही पद्धत सोडावी. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बरणी भरली की शहरात जाताना विक्रेत्याकडे विचारा.

आज घरी गेल्यावर रिमोट, काटा आणि खेळणी उलटी करून पाहा. ज्याच्या सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, त्याला आजच चिकटपट्टी लावा.