एआय निकाल आधीच ओळखतं, मग ट्रायल कशाला?

व्हिडिओत सांगितलेले आकडे इथे नीट देतोय.

2024 मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांच्या टीमने एक परीक्षा प्रसिद्ध केली. मेंदूविज्ञानातल्या एकाच संशोधनाचे दोन सारांश द्यायचे: एक खरा, दुसऱ्यात निकाल बदललेला. खरा कोणता? नुसतं नाणं उडवलं तरी 50 टक्के बरोबर येतील. 171 तज्ज्ञांना सरासरी 63 टक्के जमलं. एआय मॉडेल्सना 81!

ही जादू नाही. मॉडेलने जुनं लिखाण भरपूर वाचलंय. त्या साच्यात जो निकाल जास्त बसतो, तो ते निवडतं.

आता आपल्या धंद्याचं बोलू. नवा दर ठेवायचा की जुनाच, हे एआयला जरूर विचारा. पण दोन गोष्टी विसरू नका. एक, 81 म्हणजे शंभरात 19 चुका. दोन, तुमच्या गल्लीतलं गिऱ्हाईक त्याने वाचलेलंच नाही. ते तुमच्या उधारीच्या वहीत आहे.

म्हणून असं करा:

1. एआयचा अंदाज कागदावर लिहा.
2. शेजारी स्वतःचा अंदाज लिहा.
3. आठवडाभर थोड्याच मालावर ट्रायल घ्या.
4. विक्री बघा, कोण बरोबर ठरलं ते टिपून ठेवा.

असं दहा वेळा केलंत की कुणावर किती भरवसा ठेवायचा, हे तुमचं तुम्हालाच कळेल. तोवर अंदाजाच्या जोरावर कर्ज काढू नका. हप्ता एआय भरणार नाही, तो तुम्हालाच भरायचाय!