गॅरेजातील धातुपाठ

कोल्हापुरातील आमच्या घराच्या मागल्या अंगास थोरल्या बंधूंची ‘डॉल्फिन’ मोटार सात वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. बंधू निवर्तल्यावर तिला कोणी हात लाविला नव्हता. गेल्या दिवाळीत वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, भंगारवाल्यास बोलवा, ती दिसली की जीव कासावीस होतो.” आम्ही रुकार दिला, पण पुतण्या हटून बसला.

ही गाडी बंगळूरच्या सिपानी कंपनीने १९८२ साली बाजारात आणिली. विलायतेतील ‘रिलायंट किटन’वरून ती बेतलेली; सांगाडा पोलादी, कवच फायबरग्लासचे, इंजिन ८४८ घनसेंटिमीटरचे. कवचास गंज चढत नाही, हा तिचा गुण. आणि त्या निष्कलंक कवचाआड पोलाद मुकाट्याने कुजत राहते, हा तिचा दोष. आम्ही म्हणालो, “अरे, रंग दे म्हणजे झाले.” पुतण्याने आम्हांस पथारीवर निजवून गाडीखाली पाहावयास लाविले व स्क्रूड्रायव्हरचे टोक सांगाड्यावर दाबिले. ते सरळ आत गेले! पस्तीस वर्षे मुलांकडून धातू घोकून घेणाऱ्या शिक्षकास मूळ धातू सोडून वरची रंगरंगोटी सुचावी, याची आम्हांस लाज वाटली.

मग दर रविवारी काम चाले. भाग सोडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावयाचे व सुटलेले नटबोल्ट चिठ्ठी लावून डब्यांत ठेवावयाचे, हे आमच्याकडे आले. कवच उचलून सांगाडा उद्यमनगरात वेल्डिंगला नेला. ब्रेकची रबरे व पेट्रोलच्या नळ्या बदलल्यावाचून इंजिन सुरू करावयाचे नाही, असा पुतण्याचा दंडक होता. ज्या वाचकांच्या घरी अशी गाडी पडून असेल, त्यांनीही तो पाळावा.

या दिवसांत आम्हांस वारंवार ‘मीरा’ आठवे. आपल्याच जिल्ह्यातील इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी त्या चिमुकल्या मोटारीचा पहिला नमुना १९४९ साली घडविला आणि पुढे अनेक वर्षे ते नवे नमुने करीत राहिले. मोठ्या कारखान्याचे भाग्य तिला लाभले नाही. तरी मोटार उघडून पाहण्याची, नव्हे घडविण्याची हिंमत या मातीस परकी नाही, हे मुलांस ठाऊक असावे.

दाराखाली कवचास एक ओबडधोबड ठिगळ निघाले. बंधूंनी स्वहस्ते लाविलेले. पुतण्या ते घासून काढणार, तोच वहिनींनी त्याचा हात धरिला. ठिगळ पक्के आहे अशी खात्री करून ते तसेच राखिले.

पाडव्यास इंजिनाने आवाज दिला. मात्र पंधरा वर्षांवरील खासगी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. बंधूंच्या पश्चात ते आमच्याकडून राहून गेले होते. तो कागद हाती येईतो गाडी अंगणातच आहे. वहिनी सायंकाळी देवापाशी दिवा लावून घटकाभर तीत जाऊन बसतात. भंगारवाल्याचे नाव त्यांनी पुन्हा काढिलेले नाही.