सुरक्षित म्हणजे किती? रोटरी इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा



मागच्या व्याख्यानात 'मर्यादा' या कल्पनेवर बोलताना आम्ही ओघात यंत्रांचा उल्लेख केला होता. त्यावर एका तरुण श्रोत्याने प्रश्न पाठवला. माझ्दाच्या आरएक्स-७ या गाडीचे रोटरी इंजिन मॉडिफाय केले, तर ते किती आरपीएमवर थांबवायचे? आणि तो आकडा 'सुरक्षित' आहे हे ठरवायचे कसे? प्रश्न आम्हांला फार आवडला. आम्ही तत्त्वज्ञानाचे, हे खरे; पण ज्यांच्या नावाने हे इंजिन ओळखले जाते त्या फेलिक्स वांकेल यांच्याकडेही अभियांत्रिकीची पदवी नव्हती. तेव्हा थोडे धाडस करायला हरकत नाही.

आधी यंत्र कसे चालते ते पाहू. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतो. रोटरीत पिस्टन नाही. मधोमध किंचित चेपलेल्या लंबगोलासारखी एक पोकळी असते, तिला हाउसिंग म्हणतात. तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो, तो रोटर. रोटर ज्या दांड्यावर बसतो त्या एक्सेंट्रिक शाफ्टचा तो भाग मध्यापासून बाजूला सरकलेला असतो. माझ्दाच्या १३बी इंजिनात हे अंतर १५ मिलिमीटर आहे. शाफ्टचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो. टॅकोमीटरवर ८,००० दिसतात ते शाफ्टचे. रोटर त्या वेळी मिनिटाला २,६६७ फेरेच घेत असतो. पुष्कळ लोक इथेच फसतात. 'रोटर तर हळूच फिरतो, मग भीती कसली?' असे म्हणतात. भीती कसली ते आता बघू.

रोटरच्या तिन्ही टोकांवर एकेक पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. हाउसिंगच्या भिंतीला चिकटून राहायचे आणि एका कप्प्यातला वायू दुसऱ्यात जाऊ द्यायचा नाही, एवढेच तिचे काम. हे काम किती अवघड आहे ते हिरोशिमात माझ्दाच्या मंडळींना १९६०च्या दशकात कळले. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या अभियंत्यांना हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर ओळीने ओरखडे दिसू लागले. त्यांनी त्यांना नाव दिले 'सैतानाच्या नखांच्या खुणा'. पट्टी नुसती घासत नव्हती, थरथरत होती. पट्टीची घडण आणि धातू बदलत बदलत शेवटी कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रणाची पट्टी वापरली, तेव्हा १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आली.

आता थोडे गणित करू. घाबरू नका, शाळेतलेच आहे. १३बीमध्ये रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंतचे अंतर १०५ मिलिमीटर धरले, तर ८,००० आरपीएमला लंबगोलाच्या लांब टोकाशी ही पट्टी गुरुत्वाच्या सुमारे १,९०० पट जोराने बाहेर ढकलली जाते. पट्टी समजा १० ग्रॅमची असेल, तर त्या क्षणी तिचे 'वजन' साधारण १९ किलो होते. १०,००० आरपीएमला तेच ३० किलोच्या आसपास जाते. फेरे पंचवीस टक्क्यांनी वाढले, भार मात्र छप्पन्न टक्क्यांनी. कारण भार फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. हा 'वर्ग' शब्द लक्षात ठेवा. माणसाचे मन सरळ रेषेत विचार करते आणि यंत्र वर्गात मोडते.

पण खरी गंमत लंबगोलाच्या कंबरेपाशी आहे. तिथे पट्टी आत आत येत असते आणि मग तिला भिंतीबरोबर पुन्हा बाहेर वळावे लागते. जडत्व मात्र तिला आतच नेऊ पाहते. म्हणजे ज्या पट्टीला लांब टोकाशी भिंतीवर दाबले जाते, तीच पट्टी कंबरेपाशी भिंत सोडायला बघते. ८,००० आरपीएमला ही ओढ गुरुत्वाच्या २४० पटींच्या घरात येते. तिला भिंतीशी धरून ठेवतात ती खालची बारीक स्प्रिंग आणि मागून येणारा वायूचा दाब. जड पट्टी घातली की लांब टोकाशी घर्षण वाढते आणि कंबरेपाशी ओढही वाढते. त्यामुळे २ मिलिमीटरऐवजी ३ मिलिमीटरची जाड पट्टी टाकली म्हणून इंजिन जास्त फिरवता येईल, हे समजणे चुकीचे आहे. जाड पट्टी तडाखा जास्त सोसते. जास्त वेग सोसेलच असे नाही. मजबूतपणा हा एकच गुण नाही, हे लोकांच्या ध्यानात येत नाही.

पट्टीनंतर शाफ्ट. १३बीचा रोटर सव्वाचार किलोचा धरा. तो त्या १५ मिलिमीटरच्या त्रिज्येवर शाफ्टच्याच वेगाने फेर धरतो. ८,००० ला तो शाफ्टला साधारण साडेचार टनांनी बाहेर ओढतो, ९,००० ला पावणेसहा टनांनी, १०,००० ला सात टनांहून अधिक. असे दोन रोटर, आणि शाफ्टला मुख्य बेअरिंग फक्त दोन, एक पुढे आणि एक मागे. मध्ये आधार नाही. प्रतिभार म्हणून दोन्ही टोकांना वजने असतात, त्यामुळे बाहेरून सारे तोललेले दिसते. पण शाफ्ट आतल्या आत वाकतो. तो वाकला की रोटर बाजूच्या प्लेटला घासू लागतो, आणि ज्या स्थिर गियरवर रोटर आपले तीनास-एक हे गणित सांभाळतो त्याच्या दातांवर नको तो ताण येतो. म्हणूनच उंच आरपीएमसाठी इंजिन बांधणारे लोक रोटरच्या कडा किंचित तासतात, कठीण केलेले गियर घालतात, तेलाचा दाब वाढवतात आणि सगळे फिरते भाग एकत्र तोलून घेतात. ही कामे झाली नसतील, तर कंपनीने दिलेल्या आकड्याच्या वर जाण्याचा विषयच काढू नये. आमचे मत विचाराल तर हे असे स्पष्ट आहे.

आता आमच्या विषयाकडे वळू. न्यायदर्शनात ज्ञानाची साधने सांगितली आहेत, त्यांतली तीन इथे कामाला येतात: प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द. पिस्टनच्या इंजिनात प्रत्यक्ष थोडेफार उपयोगी पडते. इंजिन थरथरते, कण्हते, पायाला जाणवते. रोटरी इंजिन इतके गुळगुळीत फिरते की चालकाला काही कळतच नाही. आरएक्स-८ मध्ये लाल पट्ट्याजवळ आले की भोंगा वाजतो तो यासाठीच. तेव्हा प्रत्यक्षावर विसंबायचे नाही. अनुमान करायचे, पण तेही नीट. 'गेल्या आठवड्यात मी १०,००० पर्यंत नेले, काही फुटले नाही; म्हणून १०,००० सुरक्षित.' या अनुमानात 'फुटले नाही' हा हेतू आहे. तो चांगल्या इंजिनातही सापडतो आणि उद्या मोडणाऱ्या इंजिनातही. आमच्या शास्त्रात याला सव्यभिचार म्हणतात, आणि तो हेत्वाभास आहे. धातू थकून मोडतो, आणि थकवा साठत जातो. ९,००० आरपीएमला एका तासात शाफ्टचे ५,४०,००० फेरे होतात. त्यांतले पहिले काही हजार निर्विघ्न गेले म्हणून पुढच्यांची हमी मिळत नाही.

मग 'सुरक्षित' याचा अर्थ काय? कशासाठी आणि किती वेळ, हे सांगितल्याशिवाय या शब्दाला अर्थ नाही. १९९१ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत माझ्दाच्या ७८७बी ने जिंकली, ३६२ फेऱ्या पुऱ्या करून. तिचे चार रोटरचे इंजिन सिरॅमिकच्या एपेक्स सील घालून बांधलेले होते, आणि तरी ९,००० आरपीएमच्या आसपासच वापरले गेले. अधिक फिरवता आले असते. पण त्यांना चोवीस तास हवे होते. ड्रॅग रेसवाल्याला काही सेकंद हवे असतात; तो दहा-अकरा हजारांवर जातो आणि इंजिन पुन्हा पुन्हा उघडतो. रोज कामावर नेण्याच्या गाडीला त्याचा आकडा लावणे म्हणजे पैलवानाचा खुराक मुलाला देणे. एवढेच काय, २००९ च्या आरएक्स-८ मध्ये इंजिन थंड असेल तर टॅकोमीटरवरचा लाल पट्टाच खाली येतो. म्हणजे एकाच इंजिनाला सकाळी एक मर्यादा आणि अर्ध्या तासाने दुसरी, हे कंपनीनेच मान्य केले.

आणखी एक गोष्ट, जी लोक विचारतच नाहीत: वर जाऊन मिळणार काय? १९९१ च्या आरएक्स-७ चे २५५ अश्वशक्तीचे शिखर ६,५०० आरपीएमला येते. मूळ टर्बो तशाच ठेवल्या तर त्यापुढे थोड्याच अंतरावर त्यांचा श्वास संपतो. तिथून पुढे आवाज वाढतो, झीज वाढते, ताकद घटते. पोर्ट मोठे केले, टर्बो बदलली, तर शिखर वर सरकते आणि मग मर्यादा वर नेण्याला काही कारण असते. तेव्हा आधी डायनोवर गाडी चढवावी, शिखर कुठे आहे ते पाहावे, आणि पुढच्या गियरमध्ये ताकद टिकावी एवढ्यापुरते, म्हणजे तीन-चारशे आरपीएम, वर जावे. भागांची सोसण्याची हद्द त्याच्या खाली असेल तर अर्थात तीच मर्यादा. सगळ्यांत लहान आकडा जिंकतो. सरासरी काढायची नाही.

इंधन आणि ठिणगीचीही हद्द असते. रोटरीत प्रत्येक रोटरला शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला इंधन लागते. ८,००० ला एक फेरा साडेसात मिलिसेकंदांचा. चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनात त्याच आरपीएमला इंजेक्टरला याच्या दुप्पट वेळ मिळतो. आरएक्स-७ ची मूळ लीडिंग कॉइल तर दोन्ही रोटरसाठी एकच, म्हणजे फेऱ्याला दोनदा ठिणगी; तिला पुन्हा भरायला ३.७५ मिलिसेकंदसुद्धा पूर्ण मिळत नाहीत. ठिणगी चुकू लागली किंवा इंजेक्टर सतत उघडेच राहू लागले, तर लोखंड कितीही चांगले असो, मर्यादा तिथेच आली. मिश्रण पातळ झाले, टर्बोच्या दाबाखाली स्फोटक ज्वलन झाले, की पट्टी तुटते. तुटलेला तुकडा हाउसिंग ओरबाडत एक्झॉस्टमधून बाहेर पडतो आणि टर्बोच्या चाकावर आदळतो. एका चुकीत इंजिन आणि टर्बो दोन्ही जातात.

म्हणून मर्यादा कोणत्या आकड्यावर, याइतकेच ती कशी लावता हेही महत्त्वाचे. टर्बो इंजिनात इंधन अर्धवट तोडले तर एखादा रोटर पातळ मिश्रणावर चालतो, आणि वर सांगितले ते संकट ओढवते. ठिणगी तोडली तर न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटते, टर्बो तापते. पण रोटर वाचतो. बरेच जाणकार म्हणून टर्बो रोटरीत ठिणगी तोडतात, आणि त्याआधी दोन-तीनशे आरपीएमवर एक सौम्य पायरी ठेवतात, म्हणजे भिंतीवर आदळल्यासारखे होत नाही. यात शब्दप्रमाणाला जागा आहे: ज्याने असली पन्नास इंजिने उघडून आतून पाहिली, त्याचे ऐकावे. ज्याने फक्त एकच फिरवून पाहिले, त्याचे नव्हे.

शेवटी एक गोष्ट, जी कॉम्प्युटरमध्ये लिहिता येत नाही. ही मर्यादा इंजिनाला स्वतःहून वर जाण्यापासून रोखते, चाकांनी त्याला ओढले तर नाही. आरएक्स-७ मध्ये तिसऱ्या आणि दुसऱ्या गियरच्या प्रमाणात सुमारे १.४५ पट फरक आहे. तिसऱ्यात ७,००० वर असताना चौथ्याऐवजी हात चुकून दुसऱ्यात गेला आणि क्लच सोडला, की शाफ्ट १०,१०० च्या पुढे. इंधन तोडा, ठिणगी तोडा, काही उपयोग नाही. गाडीचे वजनच इंजिन फिरवत असते. आणि त्या क्षणी नुसते इंजिन पणाला लागलेले नसते. फ्लायव्हील चालकाच्या पावलांपासून हातभर अंतरावर असते, आणि त्याच्यावरचा ताणही वर्गानेच वाढतो. ओतीव लोखंडाचे जुने फ्लायव्हील ठेवून ज्यांना मर्यादा वर न्यायची आहे, त्यांनी आधी ते बदलून पोलादी घालावे, आणि शर्यतीत उतरणार असाल तर बेलहाउसिंगभोवती पोलादी कवच बसवावे. आकडा ठरवायला मग बसावे.