खेळाचा पडदा आणि खोलीतला उजेड

संगणकावर खेळले जाणारे खेळ हा विषय व्याख्यानमालेला शोभतो काय, असा प्रश्न कित्येकांच्या मनात येईल. आमच्या मते शोभतो, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. आज शहरातील पुष्कळ घरांत मुले खेळासाठी चांगला मॉनिटर हवा म्हणून हट्ट धरतात. वडील त्यांना घेऊन दुकानात जातात. दुकानदार टी. एन., आय. पी. एस., व्ही. ए., ओलेड अशी अक्षरे भराभर उच्चारतो, खोक्यावरील आकडे दाखवितो, आणि अखेर ज्याचा आकडा मोठा ते खोके घरी येते. पुढे काही वर्षे घरातील डोळे त्याच पडद्याला खिळलेले राहणार. एवढी रक्कम एकदाच खर्चावयाची, तर त्या अक्षरांचा अर्थ तरी आपण जाणून घ्यावा.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. खोक्यावर ‘एल. ई. डी. मॉनिटर’ असे लिहिलेले असते, पण त्यावरून पॅनेल कोणत्या जातीचे ते मुळीच कळत नाही. वर सांगितलेल्यांपैकी पहिल्या तीन जातींत पॅनेल स्वतः प्रकाश देतच नाही. मागे एल. ई. डी. दिव्यांचा उजेड असतो, आणि तो कोठे सोडावयाचा व कोठे अडवावयाचा एवढेच काम पॅनेल करते. म्हणजे पॅनेल हा दिवा नव्हे. ती झडप होय. ही झडप द्रवस्फटिकाची बनलेली असते.

द्रव आणि स्फटिक हे दोन शब्द एकत्र कसे नांदतात, असे कोणी विचारील. १८८८ साली प्राग येथे फ्रीड्रिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला हाच पेच पडला होता. कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ त्याला दोनदा वितळताना आढळला. सुमारे १४५ अंश सेल्सियसला त्याचा गढूळ द्रव झाला, आणि १७८ अंशांच्या पुढे तो निवळ झाला. मधल्या त्या गढूळ अवस्थेत पदार्थ वाहतो द्रवासारखा, परंतु त्याचे रेणू स्फटिकाप्रमाणे एक दिशा धरून असतात. या शास्त्रात आपल्या देशाचाही वाटा आहे. १९७७ साली बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर व त्यांचे सहकारी यांनी तबकडीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात हे दाखवून दिले. (नोबेल पारितोषिक मिळविणारे खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर ते हे नव्हेत.)

आता झडपेकडे वळू. प्रकाशाच्या लहरी सर्व दिशांनी कंप पावत असतात. त्यांतील एकाच दिशेचे कंपन पुढे जाऊ देणारी पट्टी, म्हणजे जणू उभ्या गजांची खिडकी. तिच्या पुढे आडव्या गजांची दुसरी खिडकी बसविली तर पहिलीतून निघालेला प्रकाश दुसरीशी अडतो, आणि अंधार होतो. १९७० साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे मार्टिन शाट व वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी या दोन खिडक्यांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर असा ठेवला, की त्याचे रेणू एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत वळणाच्या जिन्यासारखे पाव फेरा घेतील. प्रकाशाचे कंपनही त्या जिन्याबरोबर वळते आणि आडव्या गजांतून बाहेर पडते. विजेचा दाब दिला की रेणू उभे राहतात, जिना मोडतो आणि प्रकाश अडतो. ही टी. एन. जात. ती स्वस्त आणि चपळ आहे. पण तिचे रेणू काचेशी तिरके होत असल्यामुळे बाजूने, विशेषतः खालून पाहिले तर रंग पालटतात. फार उच्च वेगाच्या काही स्पर्धेच्या मॉनिटरांत ती अद्याप टिकून आहे. घरासाठी मात्र तिचा विचार करण्याचे आता फारसे कारण उरलेले नाही.

आय. पी. एस. जात १९९६ साली हिताची कंपनीने बाजारात आणली. तिच्यातील रेणू काचेला समांतर पडूनच राहतात आणि पडल्या पडल्या कूस बदलतात. त्यामुळे कोठूनही पाहिले तरी रंग जवळजवळ तेच दिसतात. व्ही. ए. जातीत रेणू मुळातच काचेवर ताठ उभे असतात आणि दाब दिला म्हणजे कलतात. ताठ उभे असताना ते प्रकाश फार चांगला अडवितात, म्हणून या जातीचा काळा रंग अधिक काळा. चौथी जात ओलेड. तिचे मूळ कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत चिंग तांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आहे. येथे झडप नाहीच. प्रत्येक ठिपका स्वतःचा दिवा आहे, आणि काळे दाखवावयाचे तर तो दिवा सरळ विझतो.

दुकानदार येथे गुणोत्तराचा आकडा पुढे करतो : आय. पी. एस. साधारण १००० : १, व्ही. ए. ३००० : १ आणि ओलेड ‘अनंत’. आकडे खोटे नाहीत, पण ते काळोख्या खोलीतले आहेत. आपण थोडे गणित करू. पडद्याचा पांढरा भाग ३०० निट तेजाचा आहे असे धरा. मग आय. पी. एस.चा काळा ०.३ निट, व्ही. ए.चा ०.१ आणि ओलेडचा शून्य. आता दिवसा खिडकी उघडी आहे, पडद्यावर ३०० लक्स उजेड पडतो आहे, आणि त्याचा शंभरावा भाग पडदा चोहीकडे परत फेकतो असे समजा. एवढ्यानेच पडद्यावर सर्वत्र सुमारे १ निट तेज चढते. काळे झाले १.३, १.१ आणि १. गुणोत्तरे उरली साधारण २३०, २७० आणि ३००. कोठे गेले ते हजार, तीन हजार आणि अनंत? रात्री दिवे मालवून पडद्यावर ३ लक्स एवढाच उजेड राहू द्या, म्हणजे ती पुन्हा सुमारे ९७०, २७०० आणि ३०,००० होतात. तेव्हा काळ्या रंगासाठी जादा पैसे देण्यापूर्वी मुलगा खेळणार केव्हा आणि कोणत्या खोलीत, हे घरच्यांनी ठरवावे. ते दुकानदाराला ठाऊक असणे शक्य नाही. ओलेडच्या काही प्रकारांत तर खोलीच्या उजेडात काळा रंग करडा दिसू लागतो.

दुसरा मोठा आकडा वेगाचा. ‘१ मिलिसेकंद’ हे शब्द आज जवळजवळ प्रत्येक खोक्यावर आढळतात. ठिपक्याने एका छटेतून दुसरीत जाण्यास घेतलेला हा वेळ, परंतु तो बहुधा सर्वांत अनुकूल छटांचा असतो, आणि रेणूंना जादा दाबाने ढकलून मिळविलेला असतो. फार ढकलले की ते मर्यादा ओलांडून पुढे जातात आणि धावणाऱ्या आकृतीमागे फिकट सावली उमटते. व्ही. ए.चे रेणू काळ्यातून गडद करड्यात येताना विशेष रेंगाळतात. अंधाऱ्या गुहेतून धावणाऱ्या खेळाडूमागे ओल्या शाईवरून बोट फिरविल्यासारखा डाग ओढला जातो तो यामुळेच. ओलेडचा ठिपका मात्र मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात बदलतो.

तरीही एक अस्पष्टता उरते, आणि ती पॅनेलची नाही, आपल्या डोळ्याची आहे. १९२० ठिपके रुंदीच्या पडद्यावरून एक चेंडू दोन सेकंदांत पार जातो असे धरा. म्हणजे वेग सेकंदाला ९६० ठिपके. पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवीत असेल, तर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी थांबते. पण डोळा तेवढ्या वेळात चेंडूबरोबर १६ ठिपके पुढे सरकलेला असतो. म्हणून चेंडू १६ ठिपके फराटलेला दिसतो, मग पॅनेल कितीही चपळ असो. चित्रे २४० केली की फराटा ४ ठिपक्यांवर येतो. मात्र संगणकालाही तितकी चित्रे तयार करता आली पाहिजेत. तो सेकंदाला ८०च काढीत असेल, तर २४०चा पडदा घेणे म्हणजे बैलगाडीसाठी रेल्वेचे रूळ टाकणे होय.

आमचे मत विचाराल तर ते असे. ज्या घरात एकाच पडद्यावर दिवसा अभ्यास, वडिलांचे कार्यालयीन काम आणि संध्याकाळी खेळ चालतो, तेथे बऱ्या वेगाचा आय. पी. एस. घ्यावा. रात्रीच्या अंधारात कथाप्रधान, निवांत खेळ खेळणाऱ्याला व्ही. ए. कमी खर्चात अधिक आनंद देईल. काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंटसारख्या नेमबाजीच्या खेळात जो गंभीरपणे उतरला आहे, त्याने काळ्या रंगापेक्षा वेग पाहावा. त्याची चपळ आय. पी. एस.वर सोय होते. ऐपत असल्यास ओलेड उत्तमच.

ओलेडची स्तुती ऐकून कोणी लगेच धाव घेऊ नये. त्याचे दिवे वापराने झिजतात, आणि सारखे झिजत नाहीत. जी पट्टी रोज आठ तास एकाच जागी पेटलेली राहते, तिचा ठसा कालांतराने पडद्यावर उमटतो. कोष्टके भरण्याचे काम करणाऱ्याला हा धोका खेळाडूपेक्षा अधिक. शिवाय ठिपक्यांच्या मांडणीमुळे काही ओलेड पडद्यांवर बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत किनार दिसते, आणि सगळा पडदा पांढरा झाला की तेज आपोआप उतरते.

खरेदीच्या वेळी एक अडचण ध्यानात ठेवावी. दुकानात दिव्यांचा झगमगाट असतो, आणि वरचे गणित तेथेही लागू आहे. त्या उजेडात चारही पडद्यांचे काळे रंग भावंडांसारखे दिसतील. शक्य असेल तर कोपऱ्यातील दिवा मालवावयास सांगून काळे चित्र पाहावे, बाजूला उभे राहून पाहावे, आणि अंधाऱ्या प्रसंगाचा चालता खेळ लावावयास सांगावे. ओलेड घेणार असाल तर उमटलेल्या ठशांची जबाबदारी हमीपत्रात घेतली आहे की वगळली आहे, हे पावती करण्यापूर्वी वाचून घ्यावे.