एका बाकावरचा मासळीचा डबा : खानावळवाल्यांनी काय सांभाळावे

चाकणच्या कारखान्यांत दुपारची सुट्टी झाली की एका बाकावर रत्नागिरीचा फिटर, बीडचा वेल्डर, बिहारचा हेल्पर, बंगालचा पेंटर आणि जुन्नरचा सुपरवायझर शेजारी शेजारी बसतात. माझा धंदा कापडाचा. गणवेशाच्या कापडाच्या निमित्ताने पिंपरी, भोसरी, चाकण या भागात माझे अनेक वर्षे जाणे-येणे आहे, आणि जेवणाच्या वेळी गेलो तर कोणी उपाशी परत पाठविलेले नाही. या बाकावर एक गोष्ट मी नेहमी पाहतो. चिकनचा डबा उघडला की हात थबकतात. आपला मुलगा विचारतो, कुठून आणले? कधी समोरचाही हलालचे म्हणून संकोचतो. मासळीचा डबा उघडला की विचारपूस थांबते. मासळीला जबिहाची अट नाही, यावर आपल्या सर्व मसलकांचे एकमत आहे, आणि समोरच्याच्याही मनात किंतु राहत नाही. डबा दोन्ही बाजूंनी सरकतो.

या पट्ट्यात आपले बरेच बांधव मेस चालवितात, काही सुरू करण्याच्या विचारात आहेत. आठवड्यातून एक-दोन वेळा मासळी ठेवली तर एकाच दस्तरखानावर सर्व प्रकारचे गिऱ्हाईक बसते. परंतु हा माल कापडासारखा नाही. माझ्याकडे पडून राहिलेले ठाण पुढच्या ईदला विकले जाते. सकाळी न विकलेली मासळी संध्याकाळी नुकसान होऊन बसते.

प्रथम गिऱ्हाईक ओळखावे. ‘मासळी’ म्हटल्याने सर्वांना एकच वस्तू हवी असते असे नाही. कोकणचा माणूस सुरमई, बांगडा, बोंबील, मांदेली मागतो. त्याला गोड्या पाण्याचा मासा मातकट लागतो. बंगाल-बिहारच्या मुलांना नेमके उलटे. त्यांना रहू-कटला मोहरीच्या तेलात हवा, आणि रहूचे डोके त्यांच्यासाठी फेकण्याचा भाग नसून पहिल्या पसंतीचा तुकडा आहे. मराठवाड्याचा व देशावरचा माणूस चिलापीच्या तिखट कालवणावर खूश असतो. पुण्याच्या गणेश पेठेतील घाऊक बाजारात हे सर्व एका छताखाली मिळते : खोल समुद्राची, खाडीची आणि नदीची मासळी, शिवाय आंध्रातून बर्फात येणारे रहू, कटला, सीलन. आंध्रचा हा माल बहुतेक तळ्यांत पाळलेला असतो, म्हणून त्याची आवक व भाव समुद्राच्या मासळीपेक्षा स्थिर राहतात. उजनी जलाशयाची मासळी भिगवणच्या बाजारात येते. महिन्याच्या ठरलेल्या पैशांत डबा देणाऱ्याने गोड्या पाण्याच्या मासळीवर पाया ठेवावा आणि सुरमई वेगळ्या भावाने विकावी. सुरमई रोजच्या ताटात घातली तर हिशोब महिनाअखेर आपोआप समजतो!

आता आपल्या घरातला मामला. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत. त्यांच्या मसलकात समुद्राच्या खाण्याची मुभा मोठी आहे. झिंगे, तिसऱ्या ते निःशंक खातात. खेकड्याबाबत मात्र शाफई उलेमांतही मतभेद आहेत. उत्तरेकडचे व देशावरचे बहुतेक बांधव हनफी. त्यांच्याकडे पाण्यातल्या जीवांपैकी फक्त मासा चालतो. तिसऱ्या, खेकडा चालत नाही, आणि झिंगा मासा आहे की नाही यावर हिंदुस्तानच्या हनफी उलेमांत जुना वाद आहे. आपोआप मरून पाण्यावर तरंगलेला मासाही हनफींना वर्ज्य आहे. मेसवाल्याने फतवा देण्याच्या भरीस पडू नये. त्याचे काम इतकेच की झिंग्याची कढई, तेल आणि झारा वेगळा ठेवावा व भिंतीवर तसे लिहावे. ज्या तेलात झिंगे तळले त्यातच सुरमई तळली तर खाणाऱ्याला कळणार नाही, पण त्याचा विश्वास तुम्ही मोडलेला असेल. शाकाहारी गिऱ्हाइकाच्या भाजीलाही हाच नियम लावावा.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ महाळुंगेच्या बाजूला मेस चालवितात. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. मे महिन्यात त्यांनी संध्याकाळी उतरत्या भावाने बांगडा घेतला, स्कूटरवर पिशवीत टांगून आणला आणि रात्री कालवण केले. चव चांगली होती. मीही जेवलो होतो. तासाभरात सहा-सात जणांची तोंडे लाल झाली, अंगाला खाज सुटली, डोकी दुखू लागली. डॉक्टरांनी औषध दिले, सकाळपर्यंत सर्व ठीक झाले. परंतु चाळीस डब्यांचे पंचवीस झाले आणि पूर्वीची संख्या गाठायला वर्ष लागले. चाचा शपथेवर सांगत होते की कालवण चांगले उकळले होते. ते खरेच होते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

बांगडा, कुपा, सुरमई या जातींच्या मांसात एक घटक असतो. मासळी उबेत राहिली की जंतू त्यापासून हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार करतात. एकदा ते तयार झाले की कितीही उकळा, तळा, जात नाही. वासावरूनही नेहमी कळत नाही. म्हणजे या मासळीचे रक्षण चुलीवर होत नसते, बाजारापासून चुलीपर्यंतच्या रस्त्यावर होते. तिथे दवा एकच, बर्फ. आपल्या हवेत एक किलो मासळीला एक किलो बर्फ धरावा. लादी फोडून चुरा करावा, खाली थर, मध्ये थर, वर थर द्यावा. थर्माकोलच्या खोक्याला तळाशी भोक ठेवावे, कारण वितळलेल्या घाण पाण्यात बुडालेली मासळी लवकर उतरते. पुण्याहून चाकण तीसेक किलोमीटर असले तरी नाशिक फाटा आणि मोशीच्या वाहतुकीत किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. बर्फाचा खर्च मासळीच्या खरेदीतच धरावा.

खरेदी पहाटे करावी. डोळा फुगीर व चमकदार, कल्ला लाल, बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरून येणारा, असा माल घ्यावा. वास समुद्राचा असावा, अमोनियाचा नको. मासा दिसायला ताठ पण त्याला काहीच वास नाही, माशीही बसत नाही, तर शंका घ्यावी. 2018 साली केरळात फॉर्मेलिन लावलेल्या मासळीचे साठे पकडले गेले होते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ते ओळखण्यासाठी कागदी पट्टीचा संच तयार केला आहे. आणखी एक हिशोबाची गोष्ट : सालीसकट घेतलेला झिंगा सोलल्यावर जवळपास निम्मा राहतो. भाव विचारताना साफ केलेल्या वजनाचा भाव मनात काढावा.

हंगामाचा विचार मेसवाले क्वचित करतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, कारण तो मासळीच्या अंडी घालण्याचा व खवळलेल्या दर्याचा काळ. त्या दिवसांत ‘ताजी सुरमई’ म्हणून मिळणारा माल बहुधा शीतगृहातला किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरचा असतो. तो वाईटच असे नाही, पण ताज्याचा भाव देऊ नये. कोकणात पावसाआधी आगोटीची खरेदी करतात. आपणही मे अखेरीस सुके बोंबील व सोडे कोरड्या डब्यांत भरून ठेवावेत. बंदी उठते तेव्हा श्रावण आसपास असतो आणि अनेक हिंदू गिऱ्हाइके महिनाभर मांस-मासळी सोडतात. एरवीही कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाचा शनिवार असतो. म्हणून मासळीचा वार बुधवार, शुक्रवार किंवा रविवार ठेवावा.

मेसला अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो. घरगुती डबे देणाऱ्या भगिनींनाही तो नियम लागू आहे, हे अनेकींना ठाऊक नसते.

चाचांनी आता मोपेडच्या मागे बर्फाचे खोके बांधले आहे. बुधवारी रहू, रविवारी समुद्राची मासळी. बांगडा ते अजूनही आणतात, फक्त पहाटेचा, आणि दुपारपर्यंत संपेल इतकाच. रहूची डोकी बंगालच्या मुलांनी आधीच वाटून घेतलेली असतात. मागच्या वेळी मी एक मागितले तर माझे नाव यादीत खाली लिहिले गेले.